मान हलवली, श्रोतेहो

...आणि वर मलाच विचारतात, ‘अहो, एवढं घाबरायला काय झालं?’ काय झालं म्हणजे? तुमच्या गळ्यावर वस्तरा ठेवून कुणी कधी रेडिओबद्दल जाब विचारलाय का तुम्हाला? नाही ना? मग असं विचारू नका. वस्तऱ्याचं सांगतो नंतर, आधी मुळापासून ऐका, कारण तुम्हाला सांगतो, मी जन्मात कुणाला सल्ला दिलेला नाही. चष्म्याचं दुकान आहे माझं. गिऱ्हाईक आरशात बघतं आणि विचारतं, ‘ही फ्रेम बरी दिसते की ती?’ मी म्हणतो, ‘दोन्ही छान.’ गिऱ्हाइकाची बायको म्हणते, ‘दोन्हींत ध्यान दिसतोय,’ तर मी म्हणतो, ‘हो, तेही आहे.’ एवढं जपून जपून आयुष्य काढलं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, आणि अशा माणसाला धरून रेडिओवाल्यांनी सल्लागार केला! सल्लागार! आणि काय सांगून केला? ‘तुम्हाला काही करायचं नाही हो. नुसतं बसायचंय.’

नुसतं बसायचंय!

आता आमच्या गावचा रेडिओ तुम्हाला माहीत नसेल. हा कुण्या कंपनीचा नाही, कुण्या शेटजींचा नाही, हा लोकांचा रेडिओ. ग्रंथालयाच्या मागे दोन खोल्या, भिंतींना ते खळग्याखळग्यांचं फोम लावलेलं, दार लावलं की स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येते... आणि मला तर दार न लावताही येते. तर रेडिओ लोकांचा, म्हणजे लोकांना विचारून चालवायचा, असा त्यांचा नियम. मग त्यासाठी सल्लागार मंडळ. गल्लोगल्लीची माणसं गोळा करायची, पगार नाही, भत्ता नाही, फक्त चहा. महिन्यातून एकदा सभा. आम्ही सांगायचं, आमच्या भागातल्या लोकांना काय ऐकायला हवंय, काय नकोय. त्यांनी ते ऐकून घ्यायचं, आभार मानायचे आणि मग त्यांना हवं ते करायचं. सल्ला आमचा, निर्णय त्यांचा. आणि शिव्या? शिव्या आमच्या, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सापडलो कसा, तर रेडिओचे केंद्रप्रमुख साहेब आले होते दुकानात नंबर काढायला. चांगला माणूस, गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते. त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची ती जड फ्रेम नाकावर चढवली, एकेक काच टाकतोय, समोर अक्षरांचा तक्ता. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. माणूस अक्षरं वाचत असताना आम्ही मान हलवत राहतो. बरोबर वाचलं तरी हलवतो, चूक वाचलं तरी हलवतो. का? तर चुकलं म्हटलं की माणूस बिचकतो, पुढची ओळ मुद्दाम डोळे ताणून वाचतो, आणि नंबर चुकतो. म्हणून हं, हं, करत मान हलवायची. वर्षानुवर्षं हेच! त्यामुळे ती मान आता माझी राहिलेलीच नाही, ती आपली आपण हलते. तर साहेब अक्षरं वाचताहेत आणि मधेच म्हणाले, ‘तुमच्या भागातून मंडळावर कुणीच नाही, तुम्ही याल का? काही करायचं नाही हो, नुसतं बसायचंय.’ मी कुठला ऐकतोय, मी काच बदलतोय! हं, हं. हलली मान. घरी गेलो तर संध्याकाळी रेडिओवर माझी नेमणूक जाहीर झालेली. बायको म्हणाली, ‘तुम्ही आणि सल्ला? घरात भाजी कुठली आणू विचारलं तर दोन्ही छान म्हणता.’

पण ताई खूश झाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमची आई लवकर गेली, मला वाढवलं ताईनं, त्यामुळे आजही ती नुसती खाकरली तरी मी हातातलं काम टाकून उभा राहतो. ताईला दिसत नाही. काचबिंदू झाला, कळायला उशीर झाला, आणि हळूहळू सगळंच गेलं. आता बघा, माझ्या दुकानात शेकड्यांनी काचा आहेत, जाड, पातळ, रंगीत, आणि त्यातली एकही माझ्या बहिणीच्या उपयोगाची नाही. हे मला अजून लागतं. पण ताई रडणारी बाई नव्हे. तिची एक मैत्रीण आहे, लोकरीचं दुकान चालवते, तीन-चार गल्ल्या पलीकडे. ताई रोज सकाळी काठी घेऊन एकटी तिथे जाते, बसून स्वेटर विणते, अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढते, आणि दुपारी एकटी परत येते. एकटी! कुणी हात धरायला गेलं तर तो हात काठीनं झटकते.

आणि हे ती कशाच्या जोरावर करते? तर रेडिओच्या. सकाळी आठला ‘रस्त्याची खबर’ म्हणून कार्यक्रम लागायचा. एक बाई होत्या, खबरवाल्या बाईच म्हणायचे त्यांना सगळे, त्या पहाटे स्कूटरवरून गावभर फिरायच्या आणि आठला येऊन संथ आवाजात सांगायच्या, ‘बेकरीच्या कोपऱ्यावर फूटपाथ उघडा आहे. फळी टाकली आहे. फळी हलते. पोस्टासमोर पाइपचं काम चालू आहे, भिंतीकडून जावं. दवाखान्याच्या गल्लीत शिडी टेकवून ठेवली आहे, डोकं सांभाळावं.’ बस्स. ना गाणं ना बजावणं. आमच्या भागात तर बारा महिने काही ना काही खोदलेलं, आज पाणी, उद्या वीज, परवा काल पुरलेलं पुन्हा वर. ताई चपला घालून, काठी हातात घेऊन रेडिओजवळ उभी राहून ती खबर ऐकायची, आणि ‘नमस्कार’ झाला की दाराबाहेर. तिच्या डोक्यात गावाचा ताजा नकाशा तयार! तुम्हाआम्हाला डोळे असून नसतो तेवढा.

तर माझी पहिली सभा. लांब टेबल, प्रत्येकापुढे एक माइक. मला वाटलं, टिपणं काढायला रेकॉर्ड करत असतील. अध्यक्षस्थानी कोण, तर आमच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई! निवृत्त होऊन जमाना झाला, पण नजर तीच. गावातल्या निम्म्या लोकांना बाईंनी बाकावर उभं केलेलं आहे, त्या निम्म्यांत मी. त्यांना बघितल्याबरोबर माझे गुडघे आपोआप सरळ झाले, बायकोची शपथ, मी खुर्चीवरून उठूनच उभा राहिलो. ‘बस,’ म्हणाल्या. बसलो. म्हटलं चला, बसायचंच तर आहे.

नुसतं बसायचंय!

थोडा वेळ गेला बरा. फुलांच्या दुकानवाल्या बाईंनी सांगितलं, दुपारच्या आरोग्याच्या गप्पा लोकांना आवडतात. निवृत्त पोस्टमास्तरांनी सांगितलं, बातम्या जरा सावकाश वाचा. साहेबांनी आभार मानले. आणि मग साहेब म्हणाले, खबरवाल्या बाई मुलीकडे राहायला परगावी चालल्या आहेत, त्यांच्या जागी कुणी मिळत नाही, तेव्हा सकाळी आठला खबर बंद करून त्या जागी सुगम संगीत लावावं असा विचार आहे. मंडळाचा सल्ला हवा. ज्यांची हरकत असेल त्यांनी बोलावं, न बोलणाऱ्याची संमती धरली जाईल.

डोळ्यांपुढे ताई, चपला घालून उभी. म्हटलं बोल! अरे बोल बाबा, आत्ता नाही तर कधी! तोंड उघडलं... आणि माइकवरचा तो लाल दिवा दिसला. तुम्ही कधी बघितलाय तो? बोटाच्या पेराएवढा असतो, पण असा रोखून बघतो. जीभ टाळ्याला चिकटली. घशातून वाऱ्यासारखं काहीतरी निघालं, शब्द नाही. आणि बाई चष्म्यातून माझ्याकडे बघताहेत, सगळं टेबल बघतंय, कारण सगळं खोदकाम माझ्याच भागात, तेव्हा हरकत असली तर ती माझीच असणार. साहेब गोड आवाजात म्हणाले, ‘मग? चालेल ना?’

आता मला सांगा, इतकी वर्षं जी मान समोरच्या माणसाच्या आवाजाला हलत आली, ती त्या क्षणी काय करणार?

आणि बाई माइककडे झुकल्या. स्वच्छ, खणखणीत, प्रार्थनेनंतर सूचना द्यायच्या तशा आवाजात: ‘श्रोत्यांच्या माहितीसाठी सांगते, चष्मेवाल्यांनी मान हलवली आहे. संमती आहे.’

श्रोत्यांच्या? कोण श्रोते? मी पोस्टमास्तरांना कोपर मारलं, तर ते म्हणाले, ‘अहो, हल्ली सभा थेट प्रसारित होते. लोकांचा रेडिओ ना, सल्लासुद्धा लोकांसमोर द्यायचा.’ थेट! म्हणजे मी बसलेलो, घाम पुसलेला, मान हलवलेली, सगळं गावात चाललंय! अहो, माणूस गुपचूप मान का हलवतो? तिचा आवाज होत नाही म्हणून! आणि यांनी त्या मानेला आवाज दिला! मग बाकीचे म्हणाले, त्यांच्याच भागाची हरकत नाही तर आमची कशाला असेल. ठरलं. पुढच्या सभेपर्यंत प्रयोग म्हणून खबर बंद, आणि पुढच्या सभेत कायमचा निर्णय.

घराकडे निघालो तर पाय उचलेनात. जिना चढताना दोनदा खाली उतरलो. दार उघडलं, तर घरात रेडिओ बंद. आमच्या घरात रेडिओ बंद! ताई खिडकीशी विणत बसलेली. सुयांचा तेवढा टिकटिक आवाज. मी चपला हातात घेऊन, चवड्यांवर, भिंतीकडेनं आत सरकतोय...

‘तू मान हलवलीस,’ ताई म्हणाली.

मी म्हटलं, ‘ताई, ती सवयीनं...’

‘मला ऐकू आली.’

ओरडली असती, दोन धपाटे घातले असते तर मी शांत झोपलो असतो. पण ती नुसती विणत राहिली, आणि मला कळलं की ती चिडलेली नाही, ती घाबरलीय. ताई! जिच्या जिवावर मी आजवर घाबरत आलो, ती घाबरलेली मी कधी बघितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गाव सुरू झालं. गिऱ्हाईक चष्मा दुरुस्तीला म्हणून यायचं आणि खबर का बंद केली म्हणून भांडून जायचं. एका बाईंची बाबागाडी चिखलात रुतली, तो दोष माझा. एक म्हातारे गृहस्थ शिडीला धडकले, ते टेंगूळ दाखवायला खास दुकानात आले, हात लावून बघा म्हणाले. मी पडद्यामागे लपून चष्मे करायला लागलो. दाढी करायला गेलो, तर सलूनवाला माझा जुना मित्र, फेस लावला, मान मागे टेकवली, वस्तरा गळ्यावर ठेवला आणि थांबला. थांबला हो! म्हणाला, ‘रोज ती खबर ऐकत दुकान उघडायचो. बंद कुणी केली?’ मी म्हटलं, ‘साहेबांनी.’ म्हणाला, ‘तुमची मान हलली म्हणतात.’ मी खुलासा करायला गेलो, तर म्हणाला, ‘आता मात्र हलवू नका.’ एक गाल झाला तेवढ्यावर उठून आलो मी.

आणि त्यातच बाई दुकानात हजर. नंबर वाढला होता त्यांचा, चष्मा माझ्यापुढे ठेवला, म्हणाल्या, ‘याच फ्रेममध्ये नव्या काचा घाल. दुसरी फ्रेम मला चालत नाही. आणि लवकर दे, याच्याशिवाय मला समोरचं माणूस माणूस दिसत नाही.’ सगळं काम बाजूला ठेवून मी तो चष्मा केला. निदान एक तरी माणूस आपल्यावर खूश असावं, दुसरं काय! नव्या काचा घातल्या, पुसल्या, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, आणि त्यांच्या घरी द्यायला म्हणून सकाळी निघणार, तोच बघतो, खबर बंद झाल्यापासून घराबाहेर न पडलेली ताई चपला घालून दारात.

मी म्हटलं, ‘ताई, आज खबर नाही.’

‘ठाऊक आहे.’

‘मी येतो बरोबर.’

‘नको. वाटेत कुणी काही विचारलं तर तू मान हलवशील.’ आणि निघाली.

मग मी काय करणार? गेलो मागून. बऱ्यापैकी अंतर ठेवून, पावलांचा आवाज न करता, कारण ताईचे कान म्हणजे... मान ऐकू येते तिला, तर बूट नाही का येणार! ती पुढे, मी मागे. पोस्ट गेलं. ती भिंतीकडून गेली, बरोबर. दवाखान्याची गल्ली गेली. माझा जीव मुठीत. आणि बेकरीचा कोपरा आला, तर... फळी नाही! अहो, हलणारी का होईना, फळी होती तिथे, ती कुणीतरी उचलून नेलेली! नवा लांबच्या लांब चर, माणूस आत उभा राहील एवढा खोल, आणि ताई त्याच्याकडे नेहमीच्या चालीनं, ताठ, बिनधास्त. तिच्या डोक्यातल्या नकाशात फळी आहे ना!

ओरडायला तोंड उघडलं, आवाज नाही! सभेत गेला होता तसाच गेला. ‘ता...’ एवढंही नाही. मी धावलो. तुम्हाला सांगतो, त्या चार पावलांत मी जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो, आणि मी किती घाबरतो हे तुम्हाला आता माहीत आहे. डोळे तिच्या काठीवर, काठी पुढे, काठी अजून पुढे, काठीला जमीन लागली नाही... आणि ताई थांबली. ऐन काठावर. मी म्हटलं, सुटलो! आणि त्याच क्षणी माझ्या पायाखालची जमीन गेली. चर वळलेला होता हो! तिच्याकडे बघता बघता, दोन धडधाकट डोळ्यांचा मी, चष्म्याचा दुकानदार मी, चरात! छातीवर आपटलो. खिशात काहीतरी करकर वाजलं.

वरून ताईचा आवाज आला, ‘आलास का?’ जसं काही मी घरीच आलोय.

‘हो,’ मी म्हटलं. आता आला आवाज!

‘लागलं का?’

‘नाही.’

ती चाचपत खाली बसली, काठीचं टोक माझ्याकडे केलं, आणि मला वर ओढायला लागली. काठी थरथरत होती. मला वाटलं माझ्या हातामुळे, तर नाही, तिच्या हातामुळे. मी वर आल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, दात आहेत का बघितलं, एक गाल दाढीचा आणि एक गुळगुळीत, तिथे जरा थांबली. मग म्हणाली, ‘आज काठीनं सांगितलं. रोज सांगेल असं नाही. मला घरात बसायला लावू नकोस रे.’

मला रडू आलं. भर रस्त्यात, बेकरीच्या दारात, मातीनं माखलेला मी लहान मुलासारखा रडलो, सांगायला लाज नाही मला. मग खिशात हात घातला तर बाईंच्या चष्म्याचा चुरा.

काचा पुन्हा मागवल्या, पण ती जुनी फ्रेम! ती कुठून आणू? बाईंना सांगायचं कसं? फोन आला त्यांचा, तर मी म्हटलं, काचा यायच्यात अजून. एवढंसं खोटं. ते पुढे माझ्या मानगुटीवर बसणार आहे, हे मला काय ठाऊक!

दुसरी सभा. लाल दिवा लागला. विषय आला: खबर कायमची बंद करावी का, हरकत असल्यास बोलावं. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. छाती अशी धडधडतेय की माइक ती पकडेल म्हणून माझा मी मागे सरकलो. आणि मनात म्हटलं, गाव नाही, कुणी नाही, खिडकीशी एकटी ताई ऐकतेय. आणि बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही, आवाज चिरकला होता एवढं आठवतं. म्हटलं, ‘बंद करू नका. माझ्या बहिणीला दिसत नाही. ती त्या खबरेवर चालते. मागच्या वेळी मी मान हलवली ती भीतीनं हलवली, ती धरू नका.’

फुलवाल्या बाईंनी डोळे पुसले. पोस्टमास्तर म्हणाले, माझीही हरकत धरा. मग सगळ्यांचीच हरकत! आणि साहेब, खरंच चांगला माणूस, म्हणाले, ‘असं कुणी सांगितलं तरच आम्हाला कळणार, त्यासाठीच तर तुम्ही आहात. खबर चालू ठेवू.’ मी खुर्चीत मागे टेकलो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, जमलं बुवा आपल्याला! आणि साहेब पुढे म्हणाले, त्याच गोड आवाजात, ‘फक्त सांगायला माणूस हवा. बाहेरचा मिळत नाही, हे मागेच बोललो. चष्मेवाल्यांचं दुकान दहाला उघडतं. ते करतील का?’

मी? रोज? थेट? त्या दिव्यासमोर? पुन्हा आवाज गेला, पण या वेळी म्हटलं मान फसवणार नाही, आणि मी ती अशी जोरात हलवली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, नाही, नाही, त्रिवार नाही, हाडं वाजली माझ्या मानेची!

बाईंनी डोळे बारीक केले. चष्मा नाही ना! माझ्या दिशेनं पुढे वाकल्या, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, त्यांना तिथे काहीतरी हलतंय एवढं दिसलं. माइककडे वळल्या. ‘श्रोत्यांच्या माहितीसाठी सांगते, चष्मेवाल्यांनी होकार दिला आहे.’

टाळ्या! तुम्ही म्हणाल, मग बोलायचं होतं, बाई चुकताहेत म्हणून सांगायचं होतं. काय सांगू? बाई, तुम्हाला दिसत नाहीये? का दिसत नाहीये? तर तुमचा चष्मा माझ्या खिशात चुरा होऊन पडला, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो? हे थेट सांगू? अख्ख्या गावाला? मी, चष्मेवाला? माझं दुकान आहे हो! त्यापेक्षा म्हटलं, रेडिओ परवडला.

तेव्हापासून रोज पहाटे मी सायकल काढतो. प्रत्येक चर, प्रत्येक फळी, पाय ठेवून बघतो हलते का. आणि आठला तिथे, त्या दिव्यासमोर. पहिल्या दिवशी दातखीळ बसली, थोडीथोडकी नाही, पुरी बसली. दिवा लागला, सेकंद चाललेत, काचेपलीकडून साहेब हातवारे करताहेत. शेवटी डोळे मिटले, खिडकी आठवली, आणि तोंडातून निघालं, ‘ताई, बेकरीच्या कोपऱ्यावर फळी टाकलीय गं आज.’ सगळ्या गावानं ऐकलं! आता कार्यक्रमाचं नाव कुणी घेत नाही, सगळे ‘ताईंची खबर’च म्हणतात. सलूनवाल्यानं परवा दोन्ही गाल केले. आणि ताई? ‘नमस्कार’ झाला की दाराबाहेर. दुपारी परत येते आणि सांगते, ‘पोस्टासमोर उजवीकडे म्हणालास, डावीकडे होतं. घाबरलास की तुझं डावं-उजवं उलटं होतं.’ रोज एक तरी चूक काढते. ती चूक काढायला घराबाहेर पडते, यातच मी समाधान मानतो, बाकी भीती आहे ती आहेच, कमी झालेली नाही, नुसती तिची वेळ ठरलीय.

आणि काल बाई दुकानात आल्या. तशीच फ्रेम मिळाली होती, कुठून कशी शोधली ते विचारू नका. त्यांना खुर्चीत बसवलं, चष्मा चढवला, समोर तक्ता. त्यांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. मग वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. ‘त्या दिवशी तू नाही म्हणत होतास. हो ना रे?’

मी उगाच दुसऱ्या फ्रेमा पुसायला लागलो.

‘असू दे. झालं ते बरंच झालं,’ म्हणाल्या आणि पुन्हा तक्त्याकडे वळल्या, अक्षरं वाचायला लागल्या, आणि वाचता वाचता मधेच म्हणाल्या, ‘माझं वय झालं आता. अध्यक्षपद सोडतेय, तुझं नाव सुचवणार आहे. काही करायचं नाही त्यात. नुसतं बसायचंय.’

आता मला सांगा... समोर तक्ता, खुर्चीत गिऱ्हाईक, गिऱ्हाईक अक्षरं वाचतंय...

हलली.